भिंतीवरचा पाच

मंगळवारी सकाळी झुल्मिरा बेटनकोर्टने दुधाचा एकच नमुना तिसऱ्यांदा तपासला आणि तिसऱ्यांदाही आकडा लिहायला विसरली. चीज कारखान्याच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं काढलेल्या बाईच्या हातून असं होत नाही. पण हात दुधावर आणि डोळे फोनवर असले की बिचाऱ्या दुधानं तरी काय करावं.

फोनवर विद्यापीठाचं पत्र होतं. एप्रिलात याच विद्यापीठानं तिला स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला घेतल्याचं कळवलं होतं, तेव्हा तिनं कारखान्याच्या पार्किंगमध्ये उभं राहून स्वतःच्या गाडीच्या टपावर थापा मारल्या होत्या. एकतिसाव्या वर्षी, नोकरी सांभाळून, गावातल्या दोन वर्षांच्या कॉलेजात पाच वर्षं घालवून मिळालेली जागा होती ती. आता जूनमध्ये तेच विद्यापीठ म्हणत होतं की मुख्य विषयाच्या अटींपैकी एक अपुरी आहे: कॅल्क्युलस, भाग पहिला. हायस्कूलमध्ये दिलेल्या एपी परीक्षेचे, म्हणजे शाळेतच देता येणाऱ्या कॉलेजच्या पातळीवरच्या परीक्षेचे, गुण एकूण युनिटांत धरू, पण मुख्य विषयाच्या अटीसाठी धरणार नाही. नियम यंदापासूनचा. एक ऑगस्टच्या आत कॉलेजच्या वर्गात बसून निदान ‘सी’ श्रेणी मिळवा, नाहीतर जागा गेली असं समजा.

गंमत अशी की झुल्मिरा कॅल्क्युलसचा दुसरा भाग पास होती, तिसरा पास होती, त्याच्या पुढचाही एक विषय तिनं ‘बी’ मिळवून पार केला होता. पहिल्या भागाच्या वर्गात मात्र ती कधी बसलीच नव्हती. अठराव्या वर्षी एपी परीक्षेत तिला पाचपैकी पाच मिळाले होते, आणि पाच असले की पहिला भाग सुटतो, असं सगळेच म्हणायचे. आधी कळस मग पाया म्हणतात तो प्रकार. फक्त इथं कळस चढेपर्यंत पाया कुणी मागितला नव्हता.

दुपारची सुट्टी झाली तशी ती न जेवता कॉलेजात गेली. सल्लागार ग्लेंडा प्रुइट पन्नाशी उलटलेली, मनानं मऊ बाई. पहिला भाग सोडून सरळ दुसऱ्यात बस, हा सल्ला पाच वर्षांपूर्वी तिनंच दिला होता, आणि त्या दिवशी तो बरोबरही होता. पत्र वाचून तिनं चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि टेबलावरची गोळ्यांची बशी झुल्मिराकडे सरकवली. ही खूण झुल्मिराला ठाऊक होती. बशी सरकली म्हणजे बातमी वाईट.

उन्हाळी वर्ग सोमवारी सुरू होणार होता, सहा आठवडे, रोज सकाळी आठ ते बारा; तेवढे दिवस कारखान्यात दुपारची पाळी मागून घेता आली असती. जागा भरल्या होत्या, पण प्रतीक्षायादीत सहावा नंबर मिळत होता. अडचण निराळीच होती. संगणक तिचं नाव घेईना. तिच्या खात्यावर पहिला भाग पूर्ण झालेला दिसत होता, आणि पूर्ण झालेला विषय पुन्हा घेता येत नाही.

“मग आधी ते क्रेडिट काढून टाकायचं,” ग्लेंडा म्हणाली. “त्याचा अर्ज आहे. शुक्रवारी बारापर्यंत नोंदणीच्या खिडकीवर द्यायचा, सोबत मूळ गुणपत्राची प्रत.”

“म्हणजे मी पास आहे म्हणून आधी मला नापास करून घ्यायचं, आणि मग पास व्हायचं?”

“नापास नाही गं. कोरं.”

“आणि सोमवारी जागाच नाही मिळाली तर परत चढवाल?”

ग्लेंडानं बशी आणखी थोडी सरकवली. एकदा काढलेलं परत चढत नव्हतं. आणि ते चार युनिट गेले की झुल्मिराचे पदवीला लागणाऱ्या साठाचे छप्पन्न होत होते, म्हणजे या महिन्यात हातात पडणारी दोन वर्षांची पदवीही थांबणार होती. त्या पदवीवर कारखान्यातली पाळीप्रमुखाची जागा अवलंबून होती. मॅनेजरनं जुलैपासून ती झुल्मिराला देऊ केली होती. अर्ज केला नाही तर विद्यापीठ गेलं, पण पदवी आणि बढती हातात. अर्ज केला आणि वर्गात जागा मिळाली नाही, किंवा मिळून ‘सी’ आला नाही, तर तिन्ही गेलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

तिनं अर्ज घडी करून पर्समध्ये ठेवला. संध्याकाळपर्यंत तो सात वेळा बाहेर काढून वाचला, जणू मधल्या वेळात त्यातला मजकूर बदलणार होता.

घरी तिचे वडील आदेलीनो स्वयंपाकघरात कांदा चिरत बसले होते. अडुसष्ट वर्षांचे, हात दोरखंडासारखे. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या गाई पिळल्या. त्याआधी पोर्तुगालच्या साऊ जॉर्ज बेटावर ते चीज बनवायचे, आणि नुसते बनवायचे नाहीत, तर चीज-कारागिराचं रीतसर प्रमाणपत्रही त्यांनी मिळवलं होतं. ते घेऊन ते कॅलिफोर्नियात आले, आणि इथल्या डेअरी खात्यानं ते मानलं नाही. ही गोष्ट झुल्मिरानं इतक्यांदा ऐकली होती की वडील कुठल्या वाक्याला पेला खाली ठेवणार हेही तिला सांगता आलं असतं. आई होती तोवर तीही दर खेपेला मान हलवायची आणि म्हणायची, माझ्या माणसाला यांनी ओळखलंच नाही. आई फळांच्या कारखान्यात डबे भरून भरून थकली आणि चार वर्षांपूर्वी गेली.

पशुखाद्याच्या दुकानातून मिळालेलं कॅलेंडर आणि पवित्र आत्म्याच्या मुकुटाचं चित्र, यांच्या मधोमध भिंतीवर एक चौकट होती. त्या चौकटीत पाचाचा कागद. तेरा वर्षांपूर्वी टपालानं आलेला. घरी पाहुणा आला की आदेलीनो त्याला आधी तिथं नेत आणि मग खुर्ची देत.

झुल्मिरानं सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी सुरी खाली ठेवली.

“मिळालेलं कुणी परत देतं का?” ते म्हणाले. “माझ्या बाबतीत यांनी हेच केलं. येत असलेलं पुन्हा दाखव म्हणे. मी काही यांच्या दारात जाऊन हात पसरले नाहीत. तूही पसरू नकोस, पोरी. कारखान्यात साहेबीण हो, बास झालं.”

तिनं वाद घातला नाही. खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं. स्वाभिमान हा शब्द असा आहे की त्याच्याआड पुष्कळ काही लपवता येतं, आणि झुल्मिराला एक गोष्ट लपवायची होती. तिला पहिला भाग येत नव्हता.

निदान तिला तशी भीती होती. अठराव्या वर्षी हॅस्केल मास्तरांनी जेवणाच्या सुट्टीत चार पोरांना कॅल्क्युलस शिकवलं, त्यातल्या हिला पाच मिळाले, आणि पुढं सात-आठ वर्षं तिनं गणिताचं पुस्तक उघडलं नाही. कॉलेजात दुसऱ्या भागापासून सुरुवात केली तेव्हा जिथं जिथं पाया लागायचा तिथं ती सूत्र उतरवून घ्यायची आणि पुढं जायची. पुढं जाता येत होतं, म्हणून मागं कधी पाहिलं नाही. तिसऱ्या भागाच्या पुढच्या विषयातल्या ‘बी’चं तिला स्वतःलाच नवल वाटायचं. पाच म्हणजे त्या दिवशी लागलेला नेम होता की खरंच काही येत होतं, हे तिनं कधी तपासलं नव्हतं, आणि आता तपासायची वेळ आली होती.

बुधवारी कामावरून सुटल्यावर ती ग्रंथालयात गेली आणि पहिल्या भागाचं पुस्तक उघडलं. शंकूच्या आकाराची टाकी, तिच्यात अमुक वेगानं पाणी भरतंय, तर पाणी मध्यावर आलं असताना पातळी किती वेगानं चढतेय? पोरं पहिल्या महिन्यात करतात ते गणित. तिनं शंकू काढला, खोडला, परत काढला. चाळीस मिनिटांनी तिच्याकडे सात शंकू होते आणि उत्तर नव्हतं. ती उठली, नळावर जाऊन पाणी प्यायली, परत आली, बसली, पुन्हा उठली. शेजारच्या टेबलावरच्या बाईनं शेवटी आपली पिशवी उचलून दुसरी जागा धरली. तिची काही चूक नव्हती.

गुरुवारी तर कहर झाला. रविवारी फेस्ता होता, पवित्र आत्म्याचा वार्षिक सण, आणि पोर्तुगीज सभागृहात सोपाससाठी पाव कापायला निम्मं गाव जमलं होतं. सोपास म्हणजे मोठाल्या हंड्यांतून शिजलेलं गोमांस आणि पावावर ओतलेला त्याचा रस्सा, वर पुदिना, गावजेवणच ते. झुल्मिराकडे पुदिना निवडायचं काम होतं. पलीकडच्या टेबलावर आदेलीनो पाव कापता कापता सांगत होते, की माझ्या मुलीला पाचपैकी पाच, आणि विद्यापीठवाले म्हणतात पुन्हा बस, आणि ती म्हणाली नाही बसत जा. ती असं काही म्हणाली नव्हती. पण बायका येऊन तिच्या पाठीवर हात ठेवून जाऊ लागल्या, शाब्बास, बापाची लेक शोभतेस. तिला त्या पुदिन्यात तोंड खुपसावंसं वाटलं. काड्या टोपलीत आणि पानं कचऱ्यात टाकल्याचं तिच्या लक्षातही आलं नाही, दुसऱ्या कुणीतरी ते मुकाट्यानं निस्तरलं.

शुक्रवारी ती पहाटेच जागी झाली. अर्ज भरायचा की नाही हे ठरलं नव्हतं. पण प्रत तर काढून ठेवू, प्रतीनं काय बिघडतं, असं म्हणत तिनं चौकट भिंतीवरून उतरवली. आदेलीनो मागच्या वाफ्यात कोबीच्या पानांना पाणी घालत होते. तिनं चौकटीमागचे खिळे वाकवले आणि पुठ्ठा काढला.

तिच्या कागदामागं आणखी एक कागद होता, जाड, पिवळा पडलेला, बेटावरच्या सहकारी दूधसंस्थेचा शिक्का असलेला. वडिलांचं प्रमाणपत्र. त्यांनी आपल्या चौकटीत आपल्याच कागदावर तिचा कागद लावला होता, हे तिला तेरा वर्षांत कळलं नव्हतं. आणि त्याच्याही मागं चार घड्या घातलेलं एक इंग्रजी पत्र. राज्याच्या डेअरी खात्याकडून, श्री. आदेलीनो बेटनकोर्ट यांना. तुमच्या प्रमाणपत्रावरून तुम्हाला अभ्यासक्रमातून सूट देण्यात येत आहे. परवान्यासाठी फक्त प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी. तारीख अमुक, मार्च एक्क्याण्णव, सकाळी नऊ, सॅक्रामेंटो. खाली प्रवेशचिठ्ठी, अजून न फाडलेली.

तिनं ते दोनदा वाचलं. खात्यानं कागद मानला होता.

आदेलीनो पानांची जुडी घेऊन आत आले आणि दारातच थांबले. मग नळाशी जाऊन एकेक पान धुऊ लागले.

“पापा, हे काय आहे?”

“मी गेलो होतो,” ते नळाकडे तोंड करूनच म्हणाले. “तुझ्या आईनं डबा दिला होता. साडेसातलाच पोचलो. दार समोर दिसत होतं. लोक आत जात होते. मी ट्रकमध्ये बसून राहिलो.”

“इंग्रजी येत नव्हतं म्हणून?”

“इंग्रजीचं निमित्त मी स्वतःलाही सांगून पाहिलं. नाही. चीज बनवून दाखवायचं होतं, पोरी. मला जगात तेवढं एकच येत होतं. त्यातच नापास झालो असतो तर माझ्याकडं उरलं काय असतं?” त्यांनी पान उलटं करून धुतलं. “अकरा वाजता डबा खाल्ला आणि परत आलो.”

“आणि आईला?”

“आईला सांगितलं, त्यांनी कागद मानला नाही.”

झुल्मिराला संताप आला. आई तेवीस वर्षं डबे भरत राहिली, आणि दर फेस्ताला या माणसाची बाजू घेऊन मान हलवत राहिली. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण ती झाकून ठेवायची किंमत घरातलं दुसरंच माणूस भरत असतं. हे ती बोलणार होती. तोंडही उघडलं होतं. पण समोर पाठमोरा उभा असलेला तो म्हातारा पुन्हा पुन्हा तेच एक पान धूत होता, आणि तिला एकाएकी कळलं की मंगळवारपासून आपणही त्याच ट्रकमध्ये बसून आहोत.

“मला टाकीचं गणित येत नाही, पापा,” ती म्हणाली.

“कुठल्या टाकीचं?”

“शंकूच्या. पहिल्या भागातलं. मला ते येतच नाही बहुतेक.”

आदेलीनोंनी नळ बंद केला आणि पहिल्यांदा तिच्याकडं वळून पाहिलं.

“मग जा आणि विचार की,” ते म्हणाले. “मला हे कुणी म्हटलं नाही. म्हणणार कसं, मी कुणाला सांगितलंच नव्हतं.”

अकरा वाजून वीस मिनिटांनी तिनं खिडकीवर अर्ज दिला. आतल्या बाईनं प्रत जोडली, शिक्का मारला, तीन कळा दाबल्या, आणि संगणकावरची एक ओळ नाहीशी झाली. तेरा वर्षं भिंतीवर होती ती गोष्ट जायला तीन कळा पुरल्या. प्रतीक्षायादीत मात्र तिचं नाव चढलं. सहावं.

रविवारी फेस्ता झाला. आदेलीनोंनी सोपास वाढले, आणि कुणी पाचाचं विचारलं तर ते म्हणत, ती सोमवारपासून वर्गाला जातेय. दुसरं काही सांगत नव्हते. लोकांना ती गोष्ट आधीच्या गोष्टीइतकी रंगतदार वाटली नाही.

सोमवारी ते न विचारता ट्रकमध्ये चालकाच्या जागी बसले, मांडीवर डबा. ती म्हणाली, मी माझ्या गाडीनं जाईन. त्यांनी नुसती किल्ली फिरवली. सात वीसला दोघं कॉलेजच्या पार्किंगमध्ये पोचले. वर्गाची इमारत समोरच होती. साडेसात झाले. पावणेआठ झाले. झुल्मिरानं पर्सची चेन उघडली, लावली, उघडली. पोरं पाठीवर पिशव्या टाकून आत जात होती, सगळी अठरा-एकोणीसची. आपण आत जाऊ आणि पहिल्याच शंकूला सगळ्यांना कळेल, असं तिच्या मनात घोळत होतं. आठला आठ मिनिटं कमी असताना आदेलीनो खाली उतरले, वळसा घालून तिच्या बाजूला आले आणि तिचं दार उघडून धरून उभे राहिले. बापानं दार धरलेलं असताना किती वेळ बसून राहणार? ती उतरली.

वर्ग भरलेला होता आणि भिंतीला टेकून पाच-सहा जण उभे होते, जागेच्या आशेनं आलेले. बेद्रोसियन नावाचे प्राध्यापक, बुटके, खडूनं बाही पांढरी झालेले, त्यांनी हजेरी घेतली. नाव नोंदवलेल्यांपैकी तिघं आले नव्हते. म्हणजे जागा तीन, आणि तिचा नंबर सहावा. तिनं हिशोब केला आणि पर्स खांद्यावर घट्ट धरली. छप्पन्न युनिट, ना पदवी, ना बढती, ना विद्यापीठ. इथून सरळ कारखान्यात जाऊन दुधाचा नमुना घ्यायचा.

बेद्रोसियननी प्रतीक्षायादी वाचायला घेतली. पहिला होता, त्याला खुर्ची मिळाली. दुसऱ्याचं नाव दोनदा पुकारलं, उत्तर नाही. तिसरा नाही. चौथा नाही. पाचवी मुलगी दाराशी होती, ती धावत येऊन बसली.

“बेटनकोर्ट?”

“आहे,” झुल्मिरा म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला आणि दोन-चार पोरं वळून हसली.

ती शेवटची खुर्ची होती. बसताना तिच्या मनात आलं, दुसरा, तिसरा आणि चौथा यांतले किती जण या घटकेला बाहेर आपापल्या गाड्यांत बसले असतील.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकलेलं बरं, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. जुलैच्या अखेरीला तिला ‘बी’ मिळाला आणि विद्यापीठानं तो मानला. शंकूची टाकी तिसऱ्या आठवड्यात आली. तिनं हात वर करून विचारलं, आणि निम्म्या वर्गानं सुटकेचा श्वास सोडला, कारण त्यांनाही ती येत नव्हती.

पण ते नंतरचं. त्या सोमवारी दहा वाजता दहा मिनिटांची सुट्टी झाली तेव्हा ती बाहेर आली. ट्रक तिथंच होता, उन्हात. काच खाली करून आदेलीनो बसले होते, डबा तसाच मांडीवर.

“घरी नाही गेलात?”

“मिळाली जागा?”

“मिळाली.”

त्यांनी मान हलवली. मग डब्याकडं पाहिलं, झाकणावर हात ठेवला. आत सॉसेज घातलेले पाव होते, नेहमीचे, आणि वास बाहेरपर्यंत येत होता.

“तुम्ही खाऊन घ्या, पापा. मी बाराशिवाय सुटत नाही.”

“अकराला एकदा खाल्लंय मी,” ते म्हणाले. “आज तू आलीस की खाऊ.”